धुतलेला कचरा

सिनेमातला कचरा स्वच्छ असतो, हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. सेट सजवणाऱ्या आर्टवाल्यांच्या गोण्यांत वाळलेली पानं, चुरगाळलेली वर्तमानपत्रं, करवंट्या, कागदी कप आणि धुऊन सुकवलेल्या दुधाच्या पिशव्या असतात. वरून उधळायला मुलतानी माती. वास नाही, माशी नाही. हिरो अनवाणी चालला तरी पायाला काही लागणार नाही. अशा सहा गोण्या आम्ही गिरगावातल्या एका चाळीच्या चौकात रात्री अकराला रिकाम्या केल्या. सकाळी सहाच्या कॉल टाइमला येऊन बघतो तर चौक लख्ख. पाणी मारलेलं आणि तुळशीपुढे रांगोळी.

मी लोकेशन मॅनेजर. जागा शोधायच्या, वॉर्ड ऑफिसपासून ट्रॅफिक पोलिसांपर्यंत परवानग्या गोळा करायच्या आणि शूटिंगच्या दिवशी युनिट आणि रहिवासी या दोघांच्याही शिव्या खायच्या, असं माझं काम. ही 2019 च्या मे महिन्यातली गोष्ट.

दिग्दर्शक चौकात उभा राहून म्हणाला, "यार, ये तो बहुत साफ है. ये मुंबई लग ही नहीं रही." तो स्वतः गोरेगावला एकविसाव्या मजल्यावर राहतो. आर्टचा पोरगा रडकुंडीला आलेला. महापालिकेची गाडी येऊन गेली होती, आणि आमचा कचरा ओला-सुका वेगळा करून तिच्यात गेला होता. पोरगा नाक्यापर्यंत धावून आला, पण गाडी कधीच पुढे निघून गेली होती.

मी चाळ कमिटीच्या सेक्रेटरींकडे गेलो. बँकेतून निवृत्त झालेले, बनियनवर पेपर वाचत बसले होते. म्हटलं, "काका, काल सांगितलं होतं ना, तो कचरा शूटिंगचा आहे म्हणून?"

"सांगितलं होतंत," ते म्हणाले. मग आत जाऊन आमचाच करार घेऊन आले आणि चष्मा लावून एक कलम मला वाचून दाखवलं: काम संपल्यावर जागा मूळ स्थितीत परत करावी. "तुमचं कालचं काम रात्री अकराला संपलं. तुम्ही जागा मूळ स्थितीत आणली नाहीत, म्हणून आम्ही आणली. चहा घेणार?"

तो करार मीच टाइप केला होता.

आमच्या धंद्यात एक शब्द फार चालतो: टेक्स्चर. रेकीला, म्हणजे जागा बघायला, कॅमेरामन बरोबर आला की भिंतीवरून हात फिरवतो आणि म्हणतो, टेक्स्चर है. पोपडे, ओल, लोंबकळणाऱ्या वायरी म्हणजे टेक्स्चर. ही चाळ 1940 च्या आधीची, उपकरप्राप्त, म्हणजे मोठी दुरुस्ती म्हाडाकडे. मागच्या बाजूच्या गॅलऱ्यांना लाकडी टेकू दिलेले आहेत. त्या टेकूंमुळे पावसाळ्यात रहिवाशांना रात्र रात्र झोप लागत नाही. आमच्या कॅमेरामनने रेकीच्या दिवशी त्यांचेच चाळीस फोटो काढले. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, एसीचे डबे, दारादारांतल्या सेफ्टी ग्रिल यांच्यावर मात्र त्याची नजर अडखळत होती. ते सगळं झाकायला आर्टवाल्यांनी जुन्या साड्या आणि गोधड्या आणल्या होत्या.

गंमत म्हणजे त्या मे महिन्यातलं खरं गिरगाव वाडीच्या तोंडाशी उभं होतं. जगन्नाथ शंकरशेठ रस्ता मेट्रो 3 च्या पत्र्यांनी अडवलेला होता. साडेतेहेतीस किलोमीटरची भुयारी मेट्रो, आणि तिचं एक स्टेशन नेमकं इथे. दुकानं धुळीत बुडालेली, बायका पत्र्यांच्या फटीतून वाट काढत बाजाराला जात होत्या, आणि आपल्या चाळीला तडे जातील का, याशिवाय लोकांत दुसरा विषय नव्हता. ते पत्रे फ्रेममध्ये येऊ नयेत म्हणून आम्ही जनरेटर व्हॅन आडवी लावली. पटकथा आजच्या मुंबईची होती बरं का.

मी दिग्दर्शकाला हसतोय, पण मी कोण मोठा! मी सांगलीचा. पहिल्यांदा महालक्ष्मीने मुंबईला आलो तेव्हा काका दादरला न्यायला येणार होते, आमच्याकडचा माणूस दादरलाच उतरतो. पण सिनेमातला पोरगा व्हीटीला उतरतो आणि पुढच्याच शॉटमध्ये समुद्रासमोर उभा असतो, म्हणून मीही पुढे व्हीटीपर्यंत गेलो. बाहेर आलो, समुद्र कुठेच नाही. मरीन ड्राइव्ह तिथून चालत अर्धा तास आहे, हे एकाही सिनेमाने सांगितलं नव्हतं. काका दादरला दीड तास ताटकळले. पुढे हाच धंदा पत्करला आणि बाहेरच्या युनिटना धारावी दाखवायला नेऊ लागलो. चामड्याची दुकानं, कुंभारवाड्याच्या भट्ट्या, भंगार निवडायची गोदामं बघून झाली की ते हमखास विचारतात, हे ठीक आहे, पण खरी धारावी कुठे आहे?

कचऱ्याचा प्रश्न अखेर सुटला: चौकात दुपारी दोनपर्यंत परवानगी, चाळीच्या गड्याला वेगळे पैसे. पण जिन्यात नवं लचांड. तिथे कोपऱ्यात देवांच्या टाइल्स होत्या, लोकांनी थुंकू नये म्हणून लावतात तशा. साईबाबा, गणपती, शेजारी येशू. आर्टवाल्याने त्यांवर पातळ प्लाय ठोकून गेरू आणि काळ्या रंगाने पानाच्या पिचकाऱ्या काढायला घेतल्या. अगदी हुबेहूब. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी, साठ वर्षं इथेच राहिलेल्या, खाली येऊन थांबल्या.

"अरे, इथे कोणी थुंकत नाही म्हणून तुला वाईट वाटलं का?" त्यांनी विचारलं.

पोराने ब्रश खाली ठेवला. जिन्यातला शॉट रद्द झाला.

मग नळाचा सीन. आता प्रत्येक खोलीत मोरीला नळ आहे, त्यामुळे चौकात आम्ही नळ उभा केला होता. मागे पीव्हीसी पाइप लपवलेला, समोर पितळी हंडे घेऊन बारा ज्युनिअर आर्टिस्ट. सीन नेहमीचाच: नळावरचं भांडण, झिंज्या धरण्यापर्यंत. आजी खुर्ची टाकून बसल्या होत्या. पहिल्या रिहर्सलनंतर मला बोलावलं.

"नळ इथे नव्हता, जिन्याखाली होता. आणि ती बघ, भरलेला हंडा रिकाम्यासारखा धरून चालल्येय. पाण्याचा हंडा घेतला की कंबर अशी जाते." उठून दाखवलंही.

"आणि भांडण, आजी? भांडणं होत नव्हती?"

"व्हायची की. पण पाणी जाऊन अर्धा तास झाल्यावर. पाणी पाऊण तास यायचं, त्यात हंडे भरायचे की भांडायचं? नळ चालू असताना आम्ही तोंडातून अक्षर काढत नसू. नंतर गॅलरीत उभं राहून सगळं वसूल करायचं."

मी हे जसंच्या तसं दिग्दर्शकाला सांगितलं. पाण्याची धार चालू, बारा बायका गप्प, फक्त हंडे सरकल्याचा आवाज. मला तर ते डोळ्यांसमोर दिसायला लागलं. त्याने ऐकून घेतलं, मान डोलावली. "ब्यूटिफुल," म्हणाला. मग मॉनिटरकडे वळून, "ॲक्शन! झगडा शुरू करो."

आम्ही ज्या मजल्यावर कॅमेरा लावला होता तिथल्या अकरा खोल्यांपैकी पाच खोल्यांना कुलूप होतं. पोरं डोंबिवली-विरारला गेलेली, पागडी सुटू नये म्हणून खोली ठेवलेली. 1970 च्या ‘मुंबईचा जावई’त नव्या जोडप्याला चाळीत एकांत मिळत नाही, सगळं नाट्य त्यावरच. इथे गॅलरी भरलेली दिसावी म्हणून फर्स्ट एडी, म्हणजे मुख्य सहायक दिग्दर्शक, माणसं भाड्याने आणून त्यांना कॅमेऱ्यापुढून ये-जा करायला लावत होता, आणि ज्या कुलपांपुढून ती माणसं येत-जात होती त्यांवर गोधड्या वाळत घातल्या होत्या.

पॅकअपला संध्याकाळचे सात वाजले. कचरा या वेळी आम्हीच गोण्यांत भरला, पुढच्या सिनेमाला लागतो. सेक्रेटरीकाकांनी टॉर्च घेऊन चौक तपासला, एक कागदी कप उचलून माझ्या हातात दिला आणि मग कागदावर सही केली.

सिनेमात तो नळाचा सीन चाळीस सेकंदांचा आहे. गेल्या महिन्यात एका वेब सिरीजवाल्यांचा फोन आला: टिपिकल मराठी चाळ हवी, टेक्स्चरवाली. मी जुने फोटो काढले. टेकूचा फोटो पहिला लावला, एसीचे डबे कापले आणि पाठवून दिले. दहा मिनिटांत उत्तर आलं, लोकेशन पक्कं.