पावसाळ्यात पॅम्प्लोना, कमी पैशात

जुलै म्हणजे आमच्या मालवणात सगळं बंद. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, तारकर्लीचं वॉटर स्पोर्ट्स बंद, न्याहारी निवासच्या खोल्या रिकाम्या, आणि नेमका ह्याच महिन्यात स्पेनमधल्या पॅम्प्लोना शहराचा बैलांच्या धावेचा उत्सव, सान फर्मिन, येतो, दरवर्षी 6 ते 14 जुलै, तारीख कधी बदलत नाही. मे महिन्याचा सीझन संपून हातात चार पैसे असतात आणि धंदा सोडून गेलो असंही होत नाही, त्यामुळे कोकणातल्या माणसाला ही जत्रा अगदी सोयीची आहे असं माझं ठाम मत आहे. पुढच्या जुलैत मी आणि माझा मावसभाऊ जाणार, त्याचाच हा प्लॅन.

बैलांची धाव, म्हणजे गल्लीतून पळणारे बैल आणि त्यांच्यासोबत धावणारी माणसं, स्पेनची सरकारी टीव्ही वाहिनी लाइव्ह दाखवते. तिथले सकाळचे 8 म्हणजे आपले साडेअकरा, बाहेर धो धो पाऊस आणि आम्ही पडवीत मोबाईलवर बघत बसलेले असतो. आई विचारते, "बैल बघूक इतक्या लांब कित्याक जातस रे?" प्रश्न बरोबर आहे, कारण धाव संपते दोन-तीन मिनिटांत. म्हणून फक्त धावेसाठी जाऊ नका, त्या गावातला अख्खा दिवस आणि अख्खी रात्र बघायला जा, आणि त्यातलं बहुतेक सगळं रस्त्यावर फुकट असतं.

खरा खर्च राहण्याचा. त्या नऊ दिवसांत पॅम्प्लोनात खोलीचे भाव असे चढतात की आपला 31 डिसेंबरचा सीझन काहीच नाही. म्हणून आम्ही तिथे राहणारच नाही, मुक्काम झारागोझाला. माद्रिद-बार्सिलोना रेल्वेच्या वाटेवरच हे शहर आहे त्यामुळे दोन्हीपैकी ज्या विमानतळाचं तिकीट स्वस्त मिळेल ते घ्यायचं, आणि तिथून पॅम्प्लोना बसने साधारण दोन तास. काही जण सान सेबास्टियनला राहतात, तिथून बस आणखी जवळ पडते आणि समुद्रही आहे पण जुलैत ते स्वतःच महाग असतं, आणि समुद्र आपल्याला घरी आहे.

6 तारखेला दुपारी 12 वाजता नगरपालिकेच्या बाल्कनीतून रॉकेट सोडून उत्सव सुरू होतो, त्या दिवशी आणि शनिवार-रविवारी गर्दी तुफान असते. आम्ही मधला एखादा साधा वार धरणार. संध्याकाळच्या बसने पोचायचं, सामान झारागोझालाच ठेवायचं, रात्री 11 ला किल्ल्याजवळच्या गवतावर बसून आतषबाजी बघायची, मग चौकाचौकात गाणी-बजावणी चालूच असते. झोपायला खोली घ्यायचीच नाही. दशावतार पहाटेपर्यंत बघणाऱ्या माणसाला एक रात्र जागणं जड नाही.

पहाटे मात्र वेळ पाळायची. धावेच्या वाटेवर दुहेरी लाकडी कुंपण असतं, दोन कुंपणांच्या मधली जागा डॉक्टर-पोलिसांची, आपण बाहेरच्या कुंपणाला टेकून उभं राहायचं, आणि पुढची जागा हवी तर सहाच्या आतच पोचा. मला तर धावेच्या आधीचीच पाच मिनिटं बघायची आहेत. सांतो दोमिंगोच्या चढावर भिंतीतल्या कोनाड्यात संत फर्मिनची छोटी मूर्ती आहे, धावणारे तिच्यासमोर गुंडाळलेली वर्तमानपत्रं उंचावून तीनदा गाऊन रक्षण मागतात. मग 8 वाजता रॉकेट, सहा बैल आणि सोबत वाट दाखवणारे खच्ची बैल साधारण 875 मीटर पळत एस्ताफेता गल्लीतून थेट बैलझुंजीच्या रिंगणात.

आम्ही धावणार नाही. 18 वर्षांवरचा कोणीही शुद्धीत असेल तर साडेसातच्या आत शिरून धावू शकतो, पैसे लागत नाहीत, पण पाचशे-सहाशे किलोचा बैल कळपातून एकटा सुटला की तो कुठेही वळतो. पडलात तर उठायचं नाही, डोकं झाकून पडून राहायचं हा तिथला पहिला नियम, 1995 मध्ये एक अमेरिकन तरुण उठून उभा राहिला आणि जीव गेला. तरीही कोणाला धावायचंच असेल तर आधी ट्रॅव्हल इन्शुरन्सचे नियम वाचा, बऱ्याच पॉलिसीत असल्या गोष्टी कव्हर होत नाहीत.

सकाळी धावलेले बैल संध्याकाळी रिंगणात मारले जातात. ते तिकीट मी काढणार नाही. आजोबांनी जोताचे बैल पोरांसारखे वाढवले, मला ते बघवणार नाही, आणि आपण जाणार असलो तर ही गोष्ट माहीत असूनच जायला हवं. त्यापेक्षा सकाळी राजा-राण्यांचे आठ उंच पुतळे वाजतगाजत फिरतात ते बघा, 1860 चे आहेत, आत माणूस शिरून ते नाचवतो, पोरंटोरं मागे धावतात.

कपडे इथूनच न्यायचे, पांढरा शर्ट, पांढरी पँट, जुनेच न्या कारण वाईनचे डाग जात नाहीत. लाल रुमाल आणि कमरपट्टा तिथे घ्यायचा. जेवण म्हणजे पावात भरलेलं ऑम्लेट नाहीतर हॅम, सुपरमार्केटमधून पाव-चीज-फळं घेतली की दिवस निघतो.

व्हिसाची फी 90 युरो, नाकारला तरी परत मिळत नाही, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि 30,000 युरोचा इन्शुरन्स लागतोच. आपल्या होमस्टेवाल्यांना खास सांगतो, पाहुण्यांचे पैसे आत्तापासून बँकेतून घ्या आणि रिटर्न भरा, रोखीचा धंदा व्हिसावाल्यांना दिसत नाही. आणि विमान मुंबईहून असेल तर एक दिवस आधी निघा, जुलैत कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असतं, गाड्या हळू चालतात, त्यात कुठे दरड आली तर विमान गेलंच समजा. कोणाला सोबत यायचं असेल तर डिसेंबरच्या आत कळवा, जानेवारीत आम्ही कागद भरायला घेतोय.