तुम्ही विचारलंत म्हणून: मधुमेहात मोदक कसा चालतो?

‘गोळ्यांशिवाय, निव्वळ आहारावर मधुमेह आटोक्यात ठेवलात, मग गणपतीत मोदक कसा खाता?’ हा प्रश्न दादरच्या आमच्या इमारतीत मला दरवर्षी विचारला जातो. त्यामागची काळजी मनापासूनची असते, म्हणून उत्तर नीट देते.

मोदक मी जेवणावर खात नाही, भातापोळीच्या जागी खाते. पारी तांदळाच्या उकडीची आणि सारण गुळखोबऱ्याचे, त्यामुळे पिष्ट आणि गोड दोन्ही एकाच घासात पोटात जातात. त्या दिवशी पानात वरणभाताला जागा नसते. आधी काकडीची कोशिंबीर आणि फरसबीची भाजी, मग मटकीची उसळ आणि सर्वांत शेवटी गरम मोदक, नाक मोडून आत साजूक तूप सोडलेला. भाजी आणि प्रथिने आधी खाल्ली की रक्तातली साखर तुलनेने सावकाश चढते. तुपामुळे जठर हळू रिकामे होते, म्हणून साखरेचा चढ कधीकधी उशिरा येतो. यासाठी मी जेवायला बसल्यापासून दोन तासांनी बोट टोचून साखर पाहते आणि नंतर पुन्हा एकदा पाहते. दोन तासांनंतरचा आकडा १८० च्या आत असावा, असे बहुतेकांना सांगितले जाते. मधल्या वेळात शिवाजी पार्कला फेरी मारते, कारण चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात.

‘गुळाचा आहे, त्याने काही होत नाही’ हे मात्र मला अजिबात मान्य नाही. गूळही मुख्यतः साखरच आहे आणि रक्तात गेल्यावर तो वेगळा वागत नाही. स्टेशनबाहेरचा वडापावही मी या सवलतीत धरत नाही, कारण जे रोज येताजाता समोर दिसते ते कधीमधीचे राहत नाही. मोदकाचे दिवस पंचांगाने ठरवलेले असतात, हा त्याचा मोठा गुण आहे.

जे इन्सुलिन घेतात किंवा साखर फार उतरवू शकणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी माझे पाहून भातपोळी परस्पर बंद करू नये. औषध तेवढेच ठेवून पिष्ट कमी केले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. हा बदल डॉक्टरांशी बोलूनच करावा. आणि माझ्या पानात दुसरा मोदक आग्रहाने वाढू नका, एवढी विनंती आहे. पहिला मी अगदी चवीने खाल्लेला असतो.