तुम्ही विचारलंत म्हणून: वर भीती वाटत नाही का?

मी मोबाईलच्या टॉवरवर चढून अँटेना बसवतो हे कोणाला कळलं की पहिला प्रश्न येतो पगार किती, आणि दुसरा हा, की वर भीती नाही का वाटत. दुसऱ्याचं उत्तर एकदाच नीट लिहून टाकतो. वाटते. बारा वर्षं झाली तरी वाटते. आणि खरं सांगू का, टॉवरवर वाटते त्यापेक्षा जास्त मला कोणाच्या तरी गच्चीवर कठड्याशी उभं राहून गप्पा मारताना वाटते, कारण तिथं अंगावर हार्नेस, म्हणजे पडलो तर धरून ठेवणारा पट्ट्यांचा साज, नसतो आणि बाकीचे मस्त कठड्याला रेलून उभे असतात.

पहिल्यांदा चढलो तेव्हा दहा-बारा मीटरवरच अडकलो. म्हणजे हात शिडीच्या दांडीला असे चिकटले की बोटं सोडवायची कशी तेच आठवेना, तोंड कोरडं पडलेलं, आणि डावा गुडघा शिलाई मशीनसारखा आपोआप वरखाली चाललेला. खालून सगळे ओरडत होते, खाली बघू नको, खाली बघू नको. आता असं ओरडल्यावर माणूस दुसरं काय करणार, बघितलंच. माझ्या वर जो जुना माणूस होता तो मात्र ओरडला नाही, तो म्हणाला तुझ्या नाकासमोर बोल्ट आहे बघ, नटाच्या बाहेर आटे किती दिसतायत ते मोजून सांग. मी मोजले. चार. म्हणाला नीट मोज. परत मोजले, पाच निघाले. तोपर्यंत गुडघा थांबला होता.

तेव्हा वाटलं त्याने मला नुसतं बोलण्यात गुंतवलं. नंतर कळलं की त्यामागे कारण आहे. आपण स्थिर उभे आहोत असं वाटतं तेव्हाही शरीर जरा जरा डोलत असतं, आणि ते डोलणं डोळे पकडतात, आजूबाजूच्या जवळच्या वस्तू किंचित सरकताना दिसतात त्यावरून. उंचावर गेलं की जवळ काहीच नसतं, सगळं लांब, त्यामुळे तेवढं डोलणं डोळ्यांना दिसतच नाही, आणि कानातला तोल सांभाळणारा भाग वेगळंच सांगत असतो. मग गरगरतं. म्हणजे हे गरगरणं काही भित्रेपणा नाही, ते कोणालाही होऊ शकतं. जवळ एक बोल्ट दिसला, हाताला एक पाईप लागला की शरीराला परत टेकू मिळतो. वर बघणं तर त्याहून वाईट, ढग पळत असले की टॉवरच आपल्या अंगावर पडतोय असं वाटतं, माहीत असूनही वाटतं.

गटे म्हणून जर्मन कवी होऊन गेला, शाकुंतलाचं कौतुक करणारा, तोच. त्याला उंचीची भीती होती. 1770-71 मध्ये स्ट्रासबुर्गला शिकत असताना तो तिथल्या कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर एकटा चढायचा, वर आतल्या बाजूला पाव तास बसायचा आणि मग बाहेरच्या हातभर फळीवजा जागेवर येऊन उभा राहायचा, सवय होईपर्यंत हेच. आज मानसोपचारवाले साधारण हेच करतात, फक्त हळूहळू, पायरीपायरीने आणि सोबत कोणीतरी असताना. तुम्ही मात्र हे वाचून एकटे कुठं चढू नका प्लीज.

पण सवयीचं मला एक पटत नाही. आमच्याकडे दोन हुक असतात, एक लागल्याशिवाय दुसरा सोडायचा नाही, चढताना उतरताना कायम एक तरी लोखंडाला हवाच. सहाव्या का सातव्या वर्षी एकदा चाळीस मीटरवर काम चालू होतं, हवा छान, मी गुणगुणत नट आवळतोय, आणि दुसरा पाना घ्यायला कमरेकडे हात नेला तर दोन्ही हुक हातात आले. दोन्ही. माझ्याच बेल्टला लटकत होते. जागा बदलताना एक काढला असणार, दुसरा लावायचा राहिला, आणि अर्धा तास मी नुसत्या पायांच्या भरवशावर वर मजेत बसलेलो. हुक लावला, तो लागल्याचा खट्ट आवाज ऐकला, आणि मग तो पहिल्या दिवसाचा गुडघा परत सुरू झाला. त्या अर्ध्या तासात मला जरासुद्धा भीती वाटली नव्हती, हे मला अजून खटकतं. तेव्हापासून हुक लावला की हाताने एकदा ओढून बघतो, कोणी हसलं तर हसू दे.

अजून एक गैरसमज आहे, जेवढं उंच तेवढा धोका. हार्नेसपासून हुकापर्यंत जो पट्टा असतो, त्याचं गणित उलटं असतं. पायाशी हुक लावून पडलात तर आधी दोन मीटरच्या पट्ट्याची पूर्ण लांबी संपणार, मग झटका कमी करणारं पाकीट उसवत एक-दीड मीटर अजून खाली नेणार, त्यात तुमच्या शरीराची लांबी धरा, म्हणजे खाली साधारण सहा मीटर मोकळी जागा हवी. चाळीस मीटरवर ती असते. चार मीटर उंचीच्या पत्र्याच्या छपरावर नसते, तिथं पाकीट पूर्ण उसवायच्या आधीच माणूस जमिनीवर. म्हणून हुक शक्यतो डोक्याच्या वर लावायचा. आणि शिडीवर तर लोक काहीच लावत नाहीत, दोन मीटरच तर आहे म्हणतात. दोन मीटर पडायला पाऊण सेकंदही लागत नाही, जमिनीला लागताना वेग ताशी बावीस किलोमीटरच्या पुढं गेलेला असतो, आणि डोकं आधी लागलं तर तेवढा पुरतो.

घरी ट्यूब बदलायची असली की मी स्टुलावर चढतो आणि बायकोला म्हणतो, धर गं दोन्ही हातांनी. ती धरते. मुलगी लांबून बघत हसते, टॉवरवाला म्हणे.