काकांची वही

डिपस्टिक, म्हणजे इंजिनातलं ऑइल मोजायची पट्टी, बाहेर काढली आणि पुसायच्या आधीच नाकाला कळलं. ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर, आणि वास डिझेलचा. ऑइल कमी झालं म्हणून येणाऱ्या गाड्या रोजच्याच. वाढलेलं दिसलं की मात्र माझ्या पोटात गोळा येतो, कारण वाढलेलं ते ऑइल नसतंच.

काकांची तक्रार वेगळी होती. "पॅनलवर पिवळा दिवा लागलाय, पिकअप गेलाय, तीन हजार फेऱ्यांच्या पुढे इंजिन उठत नाही." स्कॅनर लावायच्या आधीच मला अंदाज आला होता आणि तो खरा ठरू नये असं वाटत होतं. दोन वर्षांपूर्वी ही सेकंडहँड गाडी घ्या, असं त्यांना मीच सांगितलं होतं.

त्या वेळची तपासणी मला अजून पाठ आहे, आणि खरं सांगायचं तर तिचा अभिमानही आहे. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन एकसारखं. इंजेक्टरमधून परत फिरणाऱ्या डिझेलला चार बाटल्या लावून पाहिलं, चारही जवळपास सारख्या भरल्या. टर्बोच्या शाफ्टला खेळ नाही, क्लच सोडताना फ्लायव्हीलचा खडखडाट नाही. दीड लाख किलोमीटर झालेलं इंजिन, पण आधीच्या मालकाने ते हायवेवर, एका चालीत, वर्षाला तीस हजारांनी पळवलेलं. असं डिझेल मला तीस हजार फिरलेल्या, शहरात कुजलेल्या गाडीपेक्षा केव्हाही जास्त आवडतं. "डोळे मिटून घ्या," म्हणालो होतो.

स्कॅनरने तेच दाखवलं. एक्झॉस्टमधला काजळीचा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, तुंबलेला; आधीचा आणि नंतरचा दाब यांत मोठा फरक. हा फिल्टर काजळी अडवतो आणि साठली की स्वतःच जाळून टाकतो. त्यासाठी आत साधारण 600 अंश तापमान लागतं. निवांत चालणाऱ्या गाडीचा धूर तिथे पोचेपर्यंत दोनशेच्या आसपासच असतो. मग ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, सिलिंडरमध्ये स्फोट होऊन गेल्यावर थोडं डिझेल उशिरा मारतो, ते पुढे जळून फिल्टर तापवतं. हे पंधरा-वीस मिनिटं न थांबता चालावं लागतं. मध्येच इंजिन बंद केलं की काजळी तशीच राहते आणि सिलिंडरच्या भिंतीवर चिकटलेलं डिझेल रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर चढलं होतं ते हेच.

शेवटचे अकरा प्रयत्न अर्धवट सुटलेले होते.

"काका, गाडी रोज कुठवर जाते?"

"अडीच किलोमीटर. सकाळी तिकडे, संध्याकाळी परत. कधी तेवढीही नाही."

हा प्रश्न मी दोन वर्षांपूर्वी विचारला नव्हता.

काकांनी पिशवीतून वही काढली. आयुष्यभर ऑडिट केलेला माणूस. प्रत्येक टाकी, प्रत्येक किलोमीटर लिहिलेला. जुन्या पेट्रोल गाडीचं लिटरला सरासरी 15 किलोमीटर, या डिझेलचं पहिल्या वर्षी 20, मग 18, आणि शेवटच्या पानांवर 16. आकडा का घसरतोय हे त्यांना कळत नव्हतं. मला कळत होतं: जळण्याच्या अर्धवट प्रयत्नांत डिझेल जात होतं, आणि तुंबलेल्या फिल्टरमधून धूर ढकलायला इंजिनाची ताकद.

त्याच वहीच्या मागच्या पानावर आम्ही हिशोब मांडला. भाव रोज बदलतात, म्हणून मी गिऱ्हाइकाला सगळं लिटरमध्येच मोजून देतो, दोन्ही इंधनांचा भाव सारखा धरून. काकांचं वर्षाचं फिरणं 1800 किलोमीटर. पेट्रोलवर 120 लिटर, डिझेलवर 90. बचत 30 लिटर. आधीच्या मालकाचं फिरणं 30,000; त्याच आकड्यांनी त्याची बचत वर्षाला 500 लिटर. गाडी घेताना पेट्रोलपेक्षा जास्त मोजलेले पैसे 700 लिटरांएवढे असतील, तर त्याचे ते दीड वर्षाच्या आत वसूल. काकांना तेवीस वर्षं लागली असती. सेकंडहँडमध्ये फरक निम्मा धरा, तरी अकरा-बारा. माझं त्या दिवसाचं बिलच साधारण सहा वर्षांची बचत खाणार होतं, आणि ते सांगताना माझी जीभ जड झाली.

विकणारे 'डिझेल म्हणजे मायलेज' एवढंच बोलतात. त्यातला एक भाग तर निव्वळ वजनाचा आहे. पेट्रोलचा लिटर साधारण 745 ग्रॅम भरतो, डिझेलचा 835 च्या आसपास; जास्त माल, म्हणून जास्त किलोमीटर. बाकीचं इंजिनाचं कर्तृत्व आहे, ते मी नाकारत नाही. कॉम्प्रेशन जास्त, आणि हवा पेट्रोलसारखी झडप मिटत, गळा दाबून घ्यावी लागत नाही, म्हणून हलक्या ओझ्यावर, रांगेत सरकताना डिझेल पेट्रोलच्या पुढेच असतं. गंमत अशी, की ज्या सरकण्यात ते इंधन वाचवतं त्याच सरकण्यात त्याचा फिल्टर गार पडतो. हे गाडी विकताना कोणी सांगत नाही. मीही सांगितलं नव्हतं.

दुपारी शेजारचा मिस्त्री डोकावला. "आतला गाभा काढून टाक, पोकळ नळी राहू दे, सॉफ्टवेअरमधून दिवा बंद करू. कटकट संपली." हात चांगला आहे त्याचा, पण असली कामं तो फुशारकीने करतो. ती काजळी मग कोणाच्या छातीत जाते ते त्याच्या बिलात येत नाही. मी नाही म्हटलं.

स्कॅनरवरून जबरदस्तीने जाळायचंही मी टाळलं. इतकी काजळी एकदम पेटली तर आतलं सिरॅमिक तडकतं. फिल्टर उतरवला, उलट बाजूने धुतला, वाळवला. त्यातून काजळी निघते आणि राखही बरीचशी. राख जळत नाही. ती इंजिन ऑइलमधल्या रसायनांची असते, म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं. नवं ऑइल भरलं, फिल्टर जागेवर बसवला, दाबाचा फरक खाली आला, पिकअप परतला.

"विकून टाका आणि छोटी पेट्रोल घ्या," मी म्हणालो. काका हसले. "आता विकताना घेणाऱ्याला हे सगळं सांगावं लागेल ना? मग घेणार कोण? आणि न सांगता मी विकणार नाही."

तेव्हा ठरलं ते असं: दर आठवड्याला एकदा, इंजिन तापल्यावर, एका चालीत अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर. काम असो वा नसो.

परवा ते ऑइल दाखवायला आले. खुणेच्या आत होतं. वही उघडून त्यांनी विचारलं, "या अर्ध्या तासाचं डिझेल कुठल्या रकान्यात घालू? प्रवासात धरू की दुरुस्तीत?"

मी डिपस्टिक पुसत राहिलो.