फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी वळणांसाठी तयार करताना : माझा अनुभव

गाडी ट्रॅकवर न्यायची म्हटलं की जो तो एकच सल्ला देतो : "ही विक, रिअर व्हील ड्राइव्ह घे." माझ्याकडे साधी हॅचबॅक, आडवं इंजिन, पुढची चाकं ओढणारी. ती विकायची नव्हती. तेव्हा आधी दोन्ही प्रकारांतला फरक स्वतः चालवून बघायचा आणि मगच पान्याला हात लावायचा, असं ठरवलं.

मित्राकडे जुनी माझदा एमएक्स-५ आहे, मागची चाकं ढकलणारी. तिचं वजन पुढे-मागे जवळपास निम्मं-निम्मं. माझ्या गाडीचं 60 टक्क्यांहून जास्त पुढच्या चाकांवर. एकाच वळणावर दोन्ही आलटून पालटून चालवल्या. खरा फरक वळणातून बाहेर पडताना कळला. ॲक्सिलरेटर दिला की कुठल्याही गाडीचा भार मागे सरकतो. एमएक्स-५ मध्ये तो ज्या चाकांना ताकद लावायची त्यांच्यावरच येतो. माझ्या गाडीत ओढणारी चाकं हलकी होतात, आणि गाडी वळवायचं कामही त्यांच्याच गळ्यात. टायरची पकड शेवटी ठरावीकच; ती ओढण्यात खर्ची पडली की वळवायला शिल्लक राहत नाही. मग स्टेअरिंग कितीही फिरवा, गाडी नाक बाहेर काढून सरळ निघते. हाच तो अंडरस्टिअर.

म्हणून फ्रंट व्हील ड्राइव्ह मुळातच टाकाऊ, हे काही मला पटेना. 1964, 1965 आणि 1967 ची माँटे कार्लो रॅली छोट्या मिनीने जिंकली. 2017 साली होंडा सिव्हिक टाइप आरने जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग ट्रॅकची नॉर्डश्लाइफं ही लांब फेरी 7 मिनिटं 43.8 सेकंदांत मारली. या गाड्यांनी पुढच्या टायरवरचं ओझं हलकं केलं होतं. मलाही तेच करायचं होतं.

मेकॅनिक जुना, जाणता. मी इंजिनाचं काढताच म्हणाला, "ताकद नंतर. आधी टायर आणि बुश बघू." बुश म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी तुकडे. ते झिजलेले निघाले, बदलले. टायर मऊ कंपाउंडचे घेतले. इथपर्यंत विशेष काही नाही, कुणीही हेच करेल.

अलाइनमेंटला, म्हणजे चाकांचे कोन जुळवायला, मात्र वेळ दिला. पुढच्या टायरच्या कडेवर, नक्षीपासून साइडवॉलपर्यंत, खडूने आडव्या रेघा मारायच्या, थोडे लॅप मारायचे आणि खडू कुठवर पुसला गेला ते बघायचं. टायरच्या बाजूला एक छोटासा त्रिकोण असतो. माझा खडू त्याच्याही खाली पुसला जात होता, म्हणजे वळणात टायर अक्षरशः कडेवर लोळत होता. हवा थोडी वाढवली आणि पुढचा निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत झुकवणारा कोन, अडीच अंशांच्या आसपास नेला. मग रेघ त्रिकोणापाशी थांबू लागली. रोज रस्त्यावर चालवणाऱ्याने एवढा कॅम्बर ठेवू नये, टायरची आतली कड लवकर खाल्ली जाते.

सगळ्यात जास्त फरक पडला तो मागच्या जाड अँटी-रोल बारने, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचं कलणं रोखणाऱ्या दांड्याने. पुढची तक्रार आणि उपाय मागे, हे कोडं सुटलं की अर्धं सस्पेन्शन कळलं म्हणायचं. टायरवरचा भार दुप्पट केला म्हणून पकड दुप्पट होत नाही, जरा कमीच वाढते. त्यामुळे वळणात एखाद्या ॲक्सलच्या आतल्या चाकावरून बाहेरच्या चाकावर जितका जास्त भार जाईल, तितकी त्या ॲक्सलची एकूण पकड घटते. मागचा बार कडक केला की ही भाराची अदलाबदल मागचा ॲक्सल जास्त झेलतो आणि पुढच्याला उसंत मिळते. थोडक्यात, मागची जास्तीची पकड देऊन टाकायची आणि नाक वळवून घ्यायचं. जोरात वळताना माझं मागचं आतलं चाक आता चक्क हवेत उचललं जातं. बघणारे घाबरतात, पण ते चाक ताकद लावतच नाही, त्यामुळे बिघडत काही नाही. एमएक्स-५ ला असाच दांडगा बार मागे लावला तर आतलं चाक हलकं होऊन नुसतं फिरत बसेल.

गाडी खाली बसवायचा मोह आवरला. पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग-शॉकॲब्सॉर्बरचा उभा खांब आणि खाली एक आर्म. फार खाली नेली की खालचे आर्म चाकाकडे वर चढतात, रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो, गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली सरकतो आणि गाडी उलट जास्त कलू पाहते. दिसायला झकास, वळायला भिकार. आर्म जवळपास आडवे राहतील एवढीच उतरवली.

डिफरन्शियलचं (इंजिनाची ताकद डाव्या-उजव्या चाकांत वाटणाऱ्या भागाचं) काम क्लच बदलताना उरकलं, कारण गिअरबॉक्स एरवीही खाली येणारच होता. साधं ओपन डिफ दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क (फिरवणारा जोर) देतं, त्यामुळे आतलं हलकं चाक जेवढा पेलेल तेवढाच बाहेरच्यालाही मिळतो. म्हणून हलकं चाक नुसतं फिरू न देता जोर दुसऱ्या चाकाकडे वळवणारं, हेलिकल (तिरप्या दात्यांच्या) प्रकारचं लिमिटेड स्लिप डिफ बसवलं. प्लेटवालं जास्त घट्ट पकडतं, पण कटकट करतं आणि प्लेट झिजतात. आता वळणाच्या मध्यापासून गॅस दिला की बाहेरचं चाक गाडीला आत खेचतं. स्टेअरिंगही हातात जिवंत होतं, किंचित ओढ देतं. ती सवय व्हायला वेळ लागला.

मागची चाकं रिकामी पाहून मागे ड्राइव्ह नेता येईल का, असंही एकाने सुचवलं. त्याला ताकद मागे नेणारा प्रोपेलर शाफ्ट, तो जायला बोगदा, मागचं डिफ आणि ते बसवायला नवं सबफ्रेम हवं. त्यापेक्षा दुसरी गाडी घेतलेली बरी!

चालवायची पद्धतही बदलावी लागली. ब्रेक एकदम न सोडता वळणात शिरेपर्यंत हळूहळू सोडायचा, म्हणजे पुढे भार टिकतो आणि मागचं सुटून गाडी फिरते. भर वळणात घाबरून गॅस सोडलात तर मात्र शेपूट झटकन बाहेर येतं. अशा वेळी स्टेअरिंग उलटं देऊन थोडा गॅस द्यायचा, पुढची चाकं गाडीला ओढून सरळ करतात. एमएक्स-५ मध्ये तोच गॅस जरा जास्त झाला तर गिरकी नक्की.

मागचे टायर फारसं काम करत नसल्यामुळे तापायलाही वेळ घेतात. सुरुवातीच्या लॅपला पुढचे चिकटतात आणि मागचे थंड असतात, तेव्हा डाव्या-उजव्या जोडवळणात जपून जायचं. पाऊस असेल तर मी मागच्या अँटी-रोल बारची लिंक (जोडदांडी) शेवटच्या, म्हणजे सगळ्यात मऊ भोकात लावतो आणि मागच्या टायरची हवा थोडी कमी करतो. थोडं अंडरस्टिअर परत येतं. ओल्या डांबरावर ते मला चालतं.