आयलंडमधला न बोलणारा एस

आज मुलीचा स्पेलिंगचा अभ्यास घेत होते, आयलंड आलं आणि तिने विचारलं की यातला एस बोलायचा नाही तर लिहायचा कशाला? मी नेहमीसारखं "पाठ कर" म्हणणार होते, पण मलाच राहवेना म्हणून शोधत बसले आणि तासभर त्यातच गेला.

तर तो एस मुळात तिथला नाहीच!! जुन्या इंग्रजीत हा शब्द ईगलंड असा काहीतरी होता, त्यातल्या ईगचाच अर्थ बेट, पुढे लँड जोडलेलं. नंतर कितीतरी वर्षं लोक आय-एल-ए-एन-डी असंच लिहायचे, उच्चाराप्रमाणे. मग 15व्या-16व्या शतकात कधीतरी आइल (isle, यात एस आहे) या शब्दाशी त्याचं नातं आहे असं समजून एस घातला गेला. आइल आलाय फ्रेंचमधून, मूळ लॅटिन इन्सुला. म्हणजे दोन्हीचा अर्थ बेट, पण घराणी पूर्ण वेगळी.

आणि इन्सुलिन पण याच इन्सुलावरून! स्वादुपिंडात पेशींचे छोटे पुंजके असतात, बेटांसारखे, तिथे ते बनतं म्हणून.

मला सगळ्यात आवडलं ते पेनिन्सुला. लॅटिनमध्ये पेने म्हणजे जवळजवळ, म्हणून जवळजवळ बेट. आपला द्वीपकल्प बघा, कल्प म्हणजे पण जवळजवळ तसंच! शाळेत इतक्या वेळा लिहिला हा शब्द, कधी फोडून बघितलाच नाही. लेकीला सांगितलं तर तिने वहीत त्या एसभोवती पेन्सिलने गोल काढला, आता तो विसरणार नाही म्हणाली.