वाचकाच्या मांडीवरचं शेत

एकोणीस दिवस झाले. वाचक म्हणजे समुद्रतळावरचं, मांडीत पुस्तक उघडून बसलेल्या माणसाचं सिमेंटचं शिल्प. त्याच्या दोन्ही खांद्यांवर मिळून सहा फ्रॅग (रुजवायला लावलेले प्रवाळाचे तुकडे), आणि एकावरही नवा पांढरा ठिपका नाही. आज पाण्याखाली दोनदा मोजले, वर येऊन फोटोत पुन्हा मोजले. सहाच्या सहा.

मागच्या दोन नोंदींत मी फ्रॅग चिकटवायच्या इपॉक्सी पुट्टीला बरंच बोलले होते. ते सगळं मागे घेते. पुट्टीचा दोष नव्हता, सर्जचाही (लाटांमुळे तळाशी येणाऱ्या हेलकाव्यांचा) नव्हता. दोषी सापडलाय, तोही वाचकाच्या मांडीतच.

आधीच्या दोन खेपांना काय झालं होतं ते आठवून बघा. वाळूत पडलेले स्टॅगहॉर्न या फांद्यांच्या प्रवाळाचे तुकडे उचलायचे (परवानगी तेवढ्याचीच आहे, उभ्या प्रवाळाला हात लावायचा नाही), खांद्यावरची जागा घासून घ्यायची, पुट्टीची गोळी दाबायची आणि तुकडा त्यात बसवायचा. आठवडाभर सगळं छान. मग पांढरे ठिपके, मग ठिपक्यांवर तपकिरी शेवाळ, आणि महिन्याभरात फ्रॅग गायब, नाहीतर खाली वाळूत आडवा. दोन तुकडे पुट्टीतून सुटून पडलेले दिसले म्हणून मी गोंदावर घसरले. पण नीट पाहिलं असतं तर क्रम उलटा होता. प्रवाळ जगला तर तो बुडाशी पसरतो, पुट्टीवर चढतो आणि स्वतःच पकड घेतो. इथे बुडाचा जिवंत थर आधी मरत होता, कडेतून शेवाळ आत शिरत होतं आणि मग पहिल्याच जोराच्या सर्जला तुकडा निघत होता.

माझे दोन्ही नेहमीचे संशयित ठिपक्यांनीच बाद केले. फायरवर्म हा काटेरी समुद्री किडा फांदीचं टोक अख्खं तोंडात घेतो आणि मोजा काढावा तसं सोलतो, म्हणजे टोक पांढरंफटक आणि खाली सरळ रेघ. गोगलगायी बुडाकडून वर सरकत जातात, आणि शोधल्या तर तिथेच चिकटलेल्या सापडतात. आमच्याकडे होते ते विखुरलेले, नखाच्या टोकाएवढे चावे, तेही जवळजवळ सगळे पुस्तकाकडच्या बाजूला.

शेवटी कॅमेरा ठेवला. दोन किलो शिसं बांधून समोरच्या वाळूत, पहिल्या डाइव्हच्या शेवटी चालू केला आणि दुसऱ्या डाइव्हला उचलला. त्रेचाळीस मिनिटांचं चित्रण मिळालं. आम्ही चौकटीतून बाहेर पडल्यावर दोन मिनिटांत पुस्तक आणि पोट यांच्यामधल्या खोबणीतून तो वर आला, सरळ डाव्या खांद्यावर गेला आणि दुसऱ्या फ्रॅगला चावला. मागे झाला, पुन्हा चावला. त्या एका फ्रॅगवर मी सतरा चावे मोजले. थ्रीस्पॉट डॅमसेल मासा, जेमतेम तळहाताच्या रुंदीचा.

हा मासा माझ्या ओळखीचा आहे. प्रत्येक डाइव्हला माझ्या बोटांना चावे काढतो, मास्कच्या काचेवर धडका देतो. आणि म्हणूनच तो इतके महिने सुटला. मी समोर असले की त्याचा सगळा राग माझ्यावर, प्रवाळाकडे ढुंकूनही बघत नाही. मी गेले की पुन्हा कामाला लागतो. माणसाने समोर बसून हे कधीच दिसलं नसतं. ज्यांचे फ्रॅग असेच 'उगाच' मरतायत त्यांनी आधी कॅमेरा ठेवावा, पुट्टी बदलायचं नंतर बघावं.

त्याचं काम म्हणजे शेती. वाचकाच्या उघड्या पुस्तकावरचा तो मऊ, एकसारख्या उंचीचा शेवाळाचा पट्टा मी आजवर 'दुर्लक्षित भाग' म्हणून नोंदवत होते. दुर्लक्षित कसला, पूर्ण राखलेलं शेत आहे ते. नको ती शेवाळं तो उपटून बाहेर टाकतो, चरायला येणाऱ्या सर्जनफिशला हाकलतो आणि शेत वाढवायचं असलं की शेजारचा प्रवाळ चावून मारतो, म्हणजे मेलेल्या जागेवर पुढचं पीक. त्याच्याच जातकुळीतल्या लाँगफिन डॅमसेलवर २०२० साली बेलीझमधलं संशोधन आलं होतं. ते मासे आपल्या शेतावर मायसिड कोळंब्यांचे थवे सांभाळतात, त्यांना खात नाहीत, आणि त्यांच्या विष्ठेचं खत शेवाळाला मिळतं. वाचकाच्या पुस्तकावर धुरकट ठिपक्यासारखा तरंगणारा थवा मी कितीदा पाहिलाय, आणि दरवेळी हाताने बाजूला सारलाय.

आता करायचं काय, यात पाच आठवडे गेले.

मासा पकडून लांब सोडणं परवानगीत बसत नाही. बसलं असतं तरी उपयोग शून्य, आणि याचा पुरावा माझ्याच लॉगबुकात पडून होता. सुरुवातीच्या नोंदींत वाचकाजवळ 'काळपट डॅमसेल, चावरा' असं लिहिलंय. मग दोन आठवडे कोणीच नाही. आणि त्यानंतर: 'मांडीत नवं पिवळंधमक पिल्लू, पाठीवर काळा ठिपका, फारच गोड.' थ्रीस्पॉटची पिल्लं पिवळी असतात आणि मोठी होता होता काळवंडतात. दुसरी खेप मेली ती याच गोड पिल्लाच्या राज्यात. खोबण रिकामी झाली की नवा मालक येतो. मग मासा बदलून काय होणार? खोबण बदलायला हवी.

खोबण म्हणजे पुस्तक, पोट आणि डावा हात यांच्यामधला मुठीएवढा खिसा, एकाच बाजूने उघडा. माशाला पाठ सुरक्षित, दार एकच, आणि दारासमोर सपाट शेत. शिल्पकाराने मुद्दाम केलेलं नाही, पण डॅमसेलला याहून चांगलं घर मागूनही मिळालं नसतं.

दगड बसवायला गेले त्या दिवशी आधी टॉर्च मारून आत पाहिलं, हे फार बरं झालं. आतल्या भिंतीवर अंड्यांचा पातळ, चकाकणारा थर होता आणि महाशय पंखांनी वारा घालत उभे. माझ्या बडीने (डाइव्हच्या जोडीदाराने) स्लेटवर फक्त 'नाही' लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. दगड परत पिशवीत. अंडी चारेक दिवसांत फुटतात, आम्ही पूर्ण आठवडा थांबलो.

मग भिंत रिकामी पाहून खोबणीत बसेल असा मेलेल्या प्रवाळाचा दगड पाचरीसारखा ठोकला, गोंद न लावता, कारण चुकलं तर काढता यावा. मासा अर्धा तास वेड्यासारखा फिरला आणि मग दोन मीटरवरच्या आजीच्या शिल्पाच्या शालीच्या घडीत शिरला. तिथे आपले फ्रॅग नाहीत. त्या संध्याकाळी मी किती खूश होते! तिसऱ्या दिवशी जाऊन बघते तर रात्रीच्या सर्जने दगड वाळूत, मासा परत मांडीत आणि डाव्या खांद्यावर चार नवे चावे. त्या डाइव्हला मी अकराव्या मिनिटाला वर आले. खाली थांबून करण्यासारखं काही नव्हतं, आणि रडताना मास्क भरतो.

दुसरा दगड तीन ठिकाणी पुट्टीचे ठिपके देऊन बसवला. दगड टिकलाय, आणि मासा पुन्हा आजीच्या शालीत. हेच ते एकोणीस दिवस.

शेताचं काय झालं ते बघण्यासारखं आहे. पहिला आठवडा शेवाळ बेसुमार वाढलं, पुस्तकाची पानं दिसेनात. मी ब्रश घेऊन गेले होते, पण हात आवरला. दहाव्या दिवशी कडेला पोपटमाशाच्या चोचीचे जोडीने उठलेले ओरखडे दिसले. आज पुस्तकाचा वरचा डावा कोपरा चरून साफ आहे आणि तिथे गुलाबी कोरलाइन शेवाळाचा एक ठिपका आहे, शर्टाच्या बटणाएवढा. ज्याच्यावर प्रवाळाच्या अळ्या उतरतात तोच गुलाबी. वाचकाच्या पुस्तकावर तो मी पहिल्यांदा पाहिला.

हत्यारांबद्दल थोडं, कारण विचारणा झाली होती. तारेचा ब्रश नको म्हणजे नकोच. तुटलेली तार सिमेंटमध्ये अडकते आणि गंजते. कडक नायलॉन आणि दातांच्या डॉक्टरांकडची ती वाकडी आकडी, एवढ्यात माझं सगळं होतं. पुट्टी सावकाश घट्ट होणारी घ्या. लवकर आवळणारी कोमट पाण्यात हातातच दगड होते. एका पुरवठादाराने मला मुदत उलटलेल्या कांड्या पाठवल्या होत्या, तेव्हा तारीख बघून घ्या. आणि ब्रश प्रत्येक शिल्पाला वेगळा, डाइव्हनंतर ब्लीचच्या पाण्यात. २०१४ मध्ये मायामीजवळ पहिल्यांदा दिसलेला प्रवाळाचा टिश्यू लॉसचा (जिवंत थर गळून जाण्याचा) रोग केवढा पसरलाय ते आपल्याला माहीत आहे. एका ब्रशने तो आजीवरून वाचकावर नेला, तर मी स्वतःला माफ करणार नाही.

'एवढी झाडाझुडपं चढलीत, घासून टाका की' म्हणणाऱ्यांसाठी: ते ब्राँझला ठीक. इटलीतल्या सान फ्रुतुओसोच्या खाडीतला, शिल्पकार गॅलेटींचा १९५४ चा पाण्याखालचा ब्राँझचा ख्रिस्त २००३ मध्ये गंज आणि साचलेल्या थरांमुळे, शिवाय एक हात तुटल्यामुळे वर काढावा लागला, आणि २००४ मध्ये नव्या पायावर परत बसला. तिथे मूर्ती जपायची आहे. शिल्पकार जेसन डिकेअर्स टेलर यांनी २००६ पासून ग्रेनाडाच्या मोलिनेअरच्या उपसागरात जी शिल्पं उतरवली, ती समुद्राने झाकावीत म्हणूनच सिमेंटची केलेली. आपली त्याच वळणाची आहेत. वाचकाचं नाक दिसेनासं झालं तर मला आनंद आहे, फक्त ते प्रवाळाखाली जावं.

ही नोंद लिहायला बसले तेव्हा येत्या शनिवारी पाठीची मोठी सफाई करायची ठरली होती. ती रद्द करते. ऑगस्टच्या पौर्णिमेनंतर थोड्याच रात्रींत स्टॅगहॉर्न अंडी सोडतील, आणि खरवडून कोरी केलेली पाठ अळ्यांच्या काहीच कामाची नाही. वरचा सूक्ष्मजीवांचा थर तयार व्हायला आठवडे लागतात. पाठ आहे तशी राहू दे, फक्त लांब केसाळ शेवाळ हाताने काढू.

त्याऐवजी शनिवारी डॅमसेलसाठी घर. हे आत्ता लिहिता लिहिताच सुचलं. आजीच्या शालीत तो टिकला तर उद्या आजीचा प्रवाळ जाईल, आणि तिच्या खांद्यावर आपोआप उतरलेले दोन छोटे मेंदूप्रवाळ आहेत. होडीवाल्याच्या शिल्पाचा फुटका चौथरा तसाही पाच मीटरवरच्या ढिगाऱ्यात पडलाय. त्यात वाचकाच्या खोबणीएवढंच, एका बाजूने बंद भोक करायचं. त्याचा मुलूख जेमतेम एक चौरस मीटर, त्यामुळे पाच मीटर पुरेत. तो गेला की शालीच्या घडीतही दगड.

आणि त्यानंतर डायडेमा, म्हणजे शेवाळ चरणारे, काटेरी गोळ्यासारखे समुद्री अर्चिन. १९८३-८४ च्या मरीने कॅरिबियनमधले नव्वद टक्क्यांहून जास्त लांबकाटे अर्चिन संपले, सावरत होते तोवर २०२२ मध्ये पुन्हा मर आली, आणि या वेळी फिलास्टर नावाचा एकपेशीय जीव कारण निघाला. रात्री चरणारे ते असते तर आपल्याला ब्रश लागलेच नसते. वाचकाच्या बाकाखालची सावली त्यांना दिवसा लपायला उत्तम आहे, पण डॅमसेल त्यांनाही काटे धरून हुसकावतो, म्हणजे आधी घर बदलणं आणि मग अर्चिन, हाच क्रम. पैदास केलेले अर्चिन सोडायच्या परवानगीचा अर्ज रात्री लिहायला घेतलाय.

उजव्या खांद्यावरचा तिसरा फ्रॅग, कॅमेऱ्याकडून पाहिलं तर सगळ्यात मागचा. त्याच्या बुडाशी पुट्टीवर फिकट तपकिरी कड आली आहे, दोन मिलिमीटर असेल. आकडी बाजूला धरून फोटो काढलाय. शनिवारी त्याच कोनातून पुन्हा काढते.